बिनअंड्याचा नव्हे, संत्र्याचा केक : घरच्या ओव्हनमागचा थोडा इतिहास



दिवाळी सरली की विदर्भात आंबिया बहाराची संत्री भरात येतात. माझ्यासारख्या नागपूरकडच्या बाईच्या घरी या दिवसांत संत्र्यांची टोपली रिकामी म्हणून राहत नाही. रस होतो, बर्फी होते आणि एखाद्या सकाळी ओव्हन लावून केकही होतो. पण केक पुढे ठेवताना आपल्यापैकी बऱ्याच जणी एक वाक्य हमखास जोडतात, "आमचा आपला बिनअंड्याचा हं!" आवाज असा, जणू काही कमी पडले आहे आणि ते आधीच सांगून टाकलेले बरे.

हे वाक्य मी महिला मंडळात ऐकले आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकले आहे, सोसायटीच्या हळदीकुंकवालाही ऐकले आहे. त्यामागे एक समज आहे. खरा केक अंड्याचा, आणि आपण करतो ती त्याची तडजोड. आज कृती तर सांगणार आहेच, पण त्याआधी हा समज इतिहासाच्या चाळणीतून चाळून पाहू.

केक फुगतो कशाने?

केक फुगतो तो हवेने. पिठात अडकलेले वायूचे बुडबुडे उष्णतेने मोठे होतात, पाण्याची वाफ होते, आणि तेवढ्यात भोवतीचे पीठ शिजून घट्ट झाले की जाळी पडते. प्रश्न एवढाच, की ती हवा पिठात आणायची कशी आणि धरून ठेवायची कशी.

युरोपात फार पूर्वी केक म्हणजे गोड पावच असे. तो खमिरावर, म्हणजे यीस्टवर फुगवत. पुढे अंडी फेटून हवा भरण्याची रीत रुळली. १७४७ साली इंग्लंडमध्ये हॅना ग्लास या बाईंचे पाककृतींचे पुस्तक निघाले. त्यातल्या 'पाउंड केक'मध्ये पीठ, लोणी, साखर प्रत्येकी एक पाउंड, आणि मिश्रण हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटायचे, अशी रीत आहे. मिक्सर नाही, बीटर नाही. त्या काळी दुसरा उपाय हाताशी नव्हता म्हणून अंडे होते. ते हवा धरण्याचे एक साधन होते, केकचा आत्मा नव्हे.

दुसरा उपायही लवकरच सापडला. १७९६ साली अमेरिकेत अमेलिया सिमन्स यांचे पुस्तक छापले गेले. त्यात लाकडाच्या राखेपासून काढलेला खार पिठात घालायला सांगितला आहे. आपल्याला यात नवल वाटायला नको. पापडखार घालून पापड लाटणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना खार काय करतो हे पुस्तकाशिवाय माहीत होते. तळताना पापड फुलतो, तो खाराच्याही जोरावर.

एका बायकोसाठी केलेली पावडर

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग सांगते.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना अंडी सोसत नसत. म्हणून १८३७ साली बर्ड यांनी मक्याच्या पिठापासून अंड्याविना कस्टर्डची पावडर केली. आपल्या फ्रूट सॅलडमध्ये जाते ते कस्टर्ड मुळात असे जन्मले. एलिझाबेथबाईंना यीस्टही चालत नसे. तेव्हा १८४३ साली बर्ड यांनी दुसरी पावडर तयार केली. एक खार, एक आंबट क्षार, आणि दोन्ही कोरडे राहावेत म्हणून थोडा स्टार्च. पाणी लागले की खार आणि आंबट एकत्र येतात, वायू सुटतो आणि पीठ फुगते. हीच बेकिंग पावडर. पुढे क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिकांच्या पावासाठीही ती वापरली गेली.

म्हणजे बघा, आज जगभरच्या बेकऱ्यांत जी पावडर रोज वापरली जाते, ती अंडी आणि खमीर दोन्ही चालत नसलेल्या एका घरातून आली. तिथे कारण प्रकृतीचे होते, आपल्याकडे अहिंसेचे आहे. अंडे आपण पंचेंद्रिय जीवाशी जोडतो, आणि खमीर आपल्यातल्या अनेक घरांत जीवोत्पत्तीच्या कारणाने वर्ज्य असते. कारणे वेगळी, पण स्वयंपाकघरातला प्रश्न एकच. पानावर बसलेल्या एका माणसाला चालत नाही, तर मग त्याला सोडून खायचे, की सगळ्यांना चालेल असे करायचे? बर्ड यांनी दुसरा मार्ग धरला.

पुढे दुसऱ्या महायुद्धात तर सगळ्या ब्रिटनवरच ही वेळ आली. १९४१ च्या जूनमध्ये तिथे अंड्यांवर रेशन आले. मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण एक अंडे, तेही मिळाले तर. मग तिथल्या गृहिणींनी सोडा आणि व्हिनेगर घालून, गाजर किसून केक केले आणि मुलांचे वाढदिवस साजरे केले. ते केक कुणी खोटे म्हटले नाहीत.

आपल्याकडे केक आला तेव्हा

भारतात केक आला तो साहेबांच्या नाताळाबरोबर. केरळातल्या तलश्शेरीत मांबळ्ळी बापू यांनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्याच्या सांगण्यावरून नाताळचा केक भाजला, आणि भारतीयाने केलेला तो पहिला केक, असे सांगतात. मुंबई-पुण्यात मग गोव्याच्या आणि इराणी मंडळींच्या बेकऱ्या रुजल्या. मावा केक, खारी, बिस्किटे शहराच्या जिभेवर बसली.

आपल्या घरांना मात्र बेकरीचे दार अर्धेच उघडे होते. घरची नानकटाई ताटात रचून भट्टीत भाजून आणायची पद्धत गावोगाव होती. सुट्टीत मुले डोक्यावर पत्रे घेऊन बेकरीच्या रांगेत उभी राहत. पण त्याच पत्र्यांवर अंड्याचे पदार्थ भाजले जात, त्याच कुंचल्याने पावावर अंडे फिरवले जाई. त्यामुळे शोध पाळणाऱ्या घरांतून नानकटाईसुद्धा भट्टीत पाठवत नसत. आमच्या आजीच्या घरी ती पितळी पातेल्यात, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून होई. खालून थोडी जळायची, वरून थोडी कच्ची राहायची, तरी संपायची.

मग वाढदिवसाला केक कापायची रीत शहरांतून गावांत आली, आणि खरी अडचण सुरू झाली. वर्गात केक वाटला गेला की आपली मुले तुकडा हातात धरून विचारायची, "यात अंडे आहे का?" उत्तर कुणालाच ठाऊक नसे. पाकिटावर हिरवा आणि तपकिरी ठिपका छापण्याचा नियम आला तो २००० ते २००१ च्या सुमारास. त्या नियमात अंडे असलेला पदार्थ तपकिरी ठिपक्यातच धरला गेला. त्याआधी दुकानदाराचा शब्द हाच आधार. ऐंशीच्या दशकापासून दूरदर्शनवर अंड्यांचा प्रचार सुरू झाला. कोंबडीची अंडी आता शाकाहारीच, त्यात जीव नसतोच, असे शेजारपाजारचे लोक समजावू लागले. आपल्या घरांनी तो वाद फारसा घातला नाही. आणले नाही, एवढेच.

त्याची किंमत कुणी मोजली ते सांगते. माझ्या सासूबाई नातवंडांच्या वाढदिवसाला ओवाळायच्या, हातावर पैसे ठेवायच्या आणि केक कापायच्या वेळी आतल्या खोलीत माळ घेऊन बसायच्या. त्यांना कुणी जा म्हटले नव्हते. आपल्यामुळे मुलांच्या हौसेवर विरजण नको, एवढाच त्यांचा हेतू. ज्या वर्षी केक घरी, सूर्यास्ताच्या आधी, घरच्या दह्यावर झाला, त्या वर्षी त्या बाहेरच्या खोलीत बसल्या आणि नातवाने पहिला घास त्यांना भरवला. घरातल्या ओव्हनने काय केले, याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

वाळू, कुकर आणि गोल ओव्हन

पण ओव्हन घराघरांत यायच्या आधीही आपल्याकडे केक होत होते. तो इतिहास कुठल्या पुस्तकापेक्षा बायकांच्या वह्यांत सापडतो.

वरून-खालून उष्णता देऊन भाजण्याची कला आपल्याला नवी नव्हती. कोकणात काकडीचे धोंडस झाकणावर निखारे ठेवून भाजत. गुजराती घरांत हांडव्याचे खास भांडे असे, त्याच्या तळाशी वाळू घालून आच मंद करत. मुंबईत पन्नाशीच्या दशकात घरगुती गॅस आला. आच कमी-जास्त करणे बोटांवर आले. १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर बनू लागले.

कुकरचा मूळ शोध जुना आहे. देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली वाफेवर हाडे मऊ करणारे बंद भांडे केले होते. वाफ कोंडणे हा त्याचा सगळा उद्देश. आपल्या बायकांनी त्याच भांड्याची रिंग आणि शिटी काढून टाकली, तळाशी वाळू किंवा जाडे मीठ पसरले, आत पाण्याचा थेंब न घालता वर जाळी आणि त्यावर केकचे भांडे ठेवले. हाडे मऊ करायला जन्मलेल्या भांड्याचा त्यांनी अंड्याविना केक भाजणारा ओव्हन केला! हे पहिल्यांदा कुणी केले, याची नोंद नाही. एकीच्या वहीतून दुसरीच्या वहीत ती युक्ती गेली आणि देशभर पसरली. (कुकर कोरडा तापवू नये, असे बनवणारे सांगतात, म्हणून त्यासाठी जुना कुकर वेगळा ठेवावा किंवा जाड बुडाचे पातेले घ्यावे.)

मग झाकणाला काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. आजही कित्येक घरांत माळ्यावर तो सापडेल. त्यानंतर वर-खाली कॉइल असलेला ओटीजी आला, आणि मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्हचे तत्त्व १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांच्या लक्षात आले, ते रडारच्या यंत्राजवळ खिशातला गोड पदार्थ वितळल्यामुळे. घराच्या ओट्यावर मावेल असा मायक्रोवेव्ह १९६७ साली विक्रीला आला. त्याच्या लहरी पदार्थातले पाणी तापवतात, भोवतीची हवा तापवत नाहीत. म्हणून नुसत्या मायक्रोवेव्हमधला केक शिजतो, पण वरून बदामी होत नाही. त्यासाठी पंख्याने गरम हवा फिरवणारा कन्व्हेक्शन मोड लागतो किंवा ओटीजी.

अंड्याऐवजी काय, याचे उत्तर बऱ्याच घरांत कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याने दिले. दूध आटवून साखरेत टिकवण्याच्या रीतीचे पेटंट गेल बॉर्डेन यांना १८५६ साली अमेरिकेत मिळाले. आपल्याकडे डब्याबरोबर पाककृती आल्या आणि बिनअंड्याचा केक म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा, असे समीकरण झाले. पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल यांनी १९६६ पासून मुंबईत घरी वर्ग घेतले, १९७४ साली त्यांचे शाकाहारी पाककृतींचे पहिले पुस्तक आले, आणि पुढे त्यांच्या पुस्तकांतून अंड्याविना गोड पदार्थ घरोघर पोचले. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शाकाहारी स्वयंपाकाला मिळालेला तो मान होता, असे मी समजते.

संत्रे इथे नुसते वासाला नाही

संत्र्याचे नावच बघा. संस्कृतातले 'नारंग' फारसीत गेले, तिथून अरबीत 'नारंज' झाले, स्पेनमध्ये 'नारांखा', आणि इंग्रजीपर्यंत पोचताना पुढचा 'न' गळून 'ऑरेंज' झाले. शब्द इथून तिकडे गेला आणि केक तिकडून इथे आला.

आपले नागपुरी संत्रे सैल सालीचे, मँडरिन जातीचे. अठराव्या शतकात भोसल्यांच्या काळात त्याची लागवड नागपुरात आली, असे परंपरेने सांगतात. आज काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांत त्याच्या बागा आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया हिवाळ्याच्या सुरुवातीला तयार होतो, पावसाळ्यात फुलणारा मृग त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता केककडे येऊ. अंडे घातलेल्या केकमध्ये फुगवायचे बरेच काम अंडे करते, संत्रे फक्त वासाला आणि चवीला. आपल्या केकमध्ये मात्र संत्रे कामाला लागते. रसातले आम्ल खायच्या सोड्याला भेटते आणि वायू सुटतो. दह्याची आंबटी त्याला साथ देते. पीठ फुगते ते याच जोडीवर. म्हणजे बर्ड यांनी डब्यात भरलेली किमया इथे फळ स्वतःच करते. या केकमधून अंडे काढलेले नाही, त्याला मुळात त्याची गरजच नाही.

आमच्याकडे होतो तो केक

साहित्य : कणीक दीड कप, पिठीसाखर पाऊण कप, पातळ केलेले साजूक तूप अर्ध्या कपाला थोडे कमी, ताजे गोड दही अर्धा कप, संत्र्याचा गाळलेला रस पाऊण कप, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

मैदा घेतला तर रस अर्धा कप पुरतो. पण दुकानातला मैदा कधी दळला, हे आपल्याला कळत नाही. पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरांत हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांचेच पीठ चालते. म्हणून मी घरी दळलेली कणीक मलमलच्या कापडातून चाळून घेते. डब्यातल्या दुधाऐवजी घरचे दही घेण्याचे कारणही हेच. बेसन मात्र यात मिसळू नका, दह्याबरोबर द्विदल होईल.

१. ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटे आधी तापवून ठेवा. सात इंची भांड्याला तूप लावून वर पीठ भुरभुरवा.

२. संत्री कोमट पाण्याने चोळून धुवा आणि सोलण्याआधीच साल किसा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसता येत नाही. फक्त वरचा केशरी भाग घ्या. सुगंधी तेल तिथेच असते, खालचा पांढरा भाग कडू लागतो.

३. रस काढून लगेच गाळा, बिया राहू देऊ नका. दही, साखर आणि तूप एकजीव करा, त्यात रस आणि सालीचा कीस घाला.

४. कणीक, बेकिंग पावडर, सोडा, मीठ दोनदा एकत्र चाळा. हे ओल्या मिश्रणात घालून हलक्या हाताने, एकाच दिशेने, कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळा. जास्त घोटले तर वायू निघून जातो आणि केक चिवट होतो.

५. लगेच ओव्हनमध्ये ठेवा. ३५ ते ४० मिनिटे लागतात. पहिली २५ मिनिटे दार उघडू नका. मध्ये सुरी घालून स्वच्छ निघाली की झाला.

जुन्या कुकरमध्ये करायचा तर मिठाचा थर दहा मिनिटे तापवून मग भांडे ठेवा आणि मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटे द्या. निवल्यावरच कापा. आम्ही सकाळी भाजतो आणि दिवस मावळायच्या आत संपवतो. या केकला फ्रिजची वेळ येत नाही.

शेवटी

केक घरी झाला म्हणजे तो सगळ्यांना चालायलाच हवा, असे नाही. कुणाचा चातुर्मासाचा नियम असेल, कुणी सोडा घेत नसेल, कुणाचा रसत्याग असेल. त्यांच्या त्यागाला आपल्या केकने हरकत घेऊ नये, आणि आग्रहही करू नये. संयम मोठा, केक लहान, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

पण जो केक आपण करतो, त्याला उणेपणाचे नाव देणे आता सोडू या. नाव असते ते पदार्थात काय आहे त्याचे. पुरणपोळीला आपण बिनकांद्याची पोळी म्हणत नाही. तेव्हा यंदा संत्री आली की केक करा, आणि कुणी विचारले, "कसला केक?" तर सरळ सांगा, "संत्र्याचा."